गाळा आपल्या नावावर, पण मॉल कोणाच्या नावावर?

बाळापूरच्या एका कापड व्यापाऱ्याने अलीकडे आमच्यापुढे एक गुळगुळीत, रंगीत माहितीपत्रक ठेवले. अकोल्याच्या बाहेरच्या अंगाला, महामार्गालगत चार मजली मॉल उभा राहणार. सरकते जिने, थंडगार हवा, तळघरात गाड्या लावण्याची सोय, सर्वात वर सिनेमा आणि खाण्यापिण्याचे दालन. पहिल्या मजल्यावरचा गाळा आज इसार देऊन बुक करा, उरलेली रक्कम हप्त्याहप्त्याने द्या.

या बांधवाचे बाळापूरच्या बाजारपेठेत वडिलोपार्जित दुकान आहे. गादीवर बसून थान उलगडायचे आणि गिऱ्हाइकाला चहा पाजायचा, असा तीन पिढ्यांचा धंदा. थोरला मुलगा म्हणतो, "अब्बा, आता लोक गादीवर बसून कपडा घेत नाहीत. काचेच्या दुकानात घेतात." मुलाचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. लग्नाचा बस्ता बांधायला बाळापूरची गिऱ्हाईके अकोल्याला जातात, हे कोणीही सांगेल. तेव्हा मागचे गोदाम आणि थोडी शेती विकून हा गाळा घ्यावा, असे घरात ठरत आले होते. आम्हाला त्यांनी एकच प्रश्न विचारला, "दुकान आपल्या नावावर व्हते ना, मंग भ्याचं कायले?"

आमचा आजचा लेख या एका प्रश्नाचे उत्तर आहे. त्यासाठी वाचकांना आम्ही मुंबईच्या उपनगरात, भांडुपला नेणार आहोत. तेथे एका मॉलमध्ये शेकडो लहान व्यापाऱ्यांनी आपल्या नावावर गाळे घेतले होते.

छपराखालचा बाजार जुनाच

मॉल ही चीज अमेरिकेतून आली असे आपण समजतो. आजच्या रूपातला मॉल तेथलाच, हे खरे. मिनेसोटा राज्यातील एडायना या उपनगरात ऑक्टोबर १९५६ मध्ये 'साउथडेल' नावाचा मॉल उघडला. चारी बाजूंनी बंद आणि आत बारमाही सारखे हवामान असा तो अमेरिकेतला पहिला मॉल मानला जातो. त्याचा आराखडा व्हिक्टर ग्रुएन या व्हिएन्नाहून आलेल्या वास्तुविशारदाने केला. गावाबाहेर घरे झाली, मोटारी आल्या, म्हणून बाजारही गावाबाहेर गेला.

पण एका छपराखाली शेकडो दुकाने ही कल्पना त्याहून पाचशे वर्षे जुनी आहे. इस्तंबूल जिंकल्यानंतर सुलतान मुहम्मद फातिह यांनी १४५५ च्या सुमारास तेथे झाकलेल्या बाजाराचे काम सुरू केले. आज त्यात सुमारे चार हजार दुकाने आहेत. आगी लागल्या, १८९४ च्या भूकंपाने मोठी पडझड झाली, तरी बाजार पुन्हा उभा राहिला. आमच्या वाचकांनी यातली एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या बाजाराचे मूळ उत्पन्न आयासोफियाच्या वक्फला लावून दिलेले होते. दुकानदार अनेक होते, पण ज्या इमारतीत ते बसत तिचा धनी एक होता. भाडे कोणाकडे भरायचे आणि छप्पर गळाले तर कोणाचे दार ठोठावायचे, हे प्रत्येकाला माहीत होते. आपल्याकडे मशिदीच्या किंवा दर्ग्याच्या मालकीचे चार-सहा गाळे रस्त्याच्या तोंडाशी असतात, त्यांची रीत हीच. भाड्यावरून भांडणे होतात, पण पत्रे कोणी बदलायचे यावर वाद होत नाही.

मुंबईत नव्या धर्तीचा पहिला मोठा मॉल म्हणून ज्याचे नाव घेतात तो 'क्रॉसरोड्स' हाजी अलीजवळ १९९९ साली उघडला. पिरामल समूहाने तो बांधला. सुरुवातीला बघ्यांचीच इतकी गर्दी झाली की मोबाईल किंवा क्रेडिट कार्ड जवळ नसेल त्याच्याकडून आत जाण्याचे पैसे घेतले जात. बाजारात शिरायला तिकीट! पुढे ही पद्धत बंद करावी लागली. या मॉलचे पुढे काय झाले ते नंतर सांगतो.

कारखान्यांच्या रस्त्यावर मॉल

कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत आणि पुढे ठाण्याकडे जाणारा लाल बहादूर शास्त्री मार्ग हा एके काळी कारखान्यांचा रस्ता होता. कुर्ल्याला कमानी आणि मुकुंद, कांजूरला क्रॉम्प्टन, भांडुपला गेस्ट कीन विल्यम्स, सिएट आणि एशियन पेंट्स. कोकणातून, घाटावरून, उत्तर प्रदेशातून आलेला कामगार याच रस्त्याच्या आजूबाजूला चाळी-झोपड्यांत राहिला. पुढे एकेक कारखाना बंद पडला किंवा हलला, जमिनीचे भाव चढले आणि त्याच रस्त्यावर २००० नंतर एकामागून एक मॉल उभे राहिले. मुलुंडला निर्मल लाइफस्टाईल, घाटकोपरला आर सिटी, कुर्ल्याला फिनिक्स मार्केटसिटी.

भांडुप पश्चिमेचा 'ड्रीम्स' मॉल याच रांगेतला. हाउसिंग डेव्हलपमेंट अँड इन्फ्रास्ट्रक्चर, म्हणजे एचडीआयएल या कंपनीने तो बांधला आणि २००९ साली तो सुरू झाला. आत हजाराच्या घरात गाळे होते. इतर मोठ्या मॉलहून याची रीत वेगळी होती. आर सिटी किंवा फिनिक्समध्ये मालक गाळे विकत नाही. तो ते भाड्याने देतो आणि भाड्यावर जगतो. ड्रीम्समध्ये गाळे लहान लहान पाडून सुटे विकले गेले. बांधणाऱ्याला याचा फायदा उघड आहे. इमारत पुरी होता होता पैसा हातात येतो आणि पुढची जबाबदारी कमी होते. घेणाऱ्याला वाटते, मुंबईत, मोठ्या रस्त्यावर, मॉलमध्ये माझे स्वतःचे दुकान. बाळापूरच्या आमच्या बांधवाला जे वाटले तेच.

रस्त्यावरचे दुकान आणि मॉलमधला गाळा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो खरेदीखतात दिसत नाही. रस्त्यावरच्या दुकानाला रस्ता नगरपालिकेचा, दिवा नगरपालिकेचा आणि गिऱ्हाईक रस्त्याने येते. शेजारचे दुकान बंद असले तरी आपले चालते. मॉलमध्ये रस्ता म्हणजे आतला व्हरांडा. तेथला दिवा, तेथली थंड हवा, सरकता जिना, पहारेकरी, संडास, पाण्याचा पंप, आग विझवण्याची यंत्रणा हे सारे कोणीतरी पैसे देऊन चालवावे लागते. ते पैसे गाळेधारकांकडून देखभाल खर्च म्हणून येतात.

समजा, १०० गाळे आहेत आणि प्रत्येकाने महिन्याला २,००० रुपये द्यायचे आहेत. २ लाख जमतात आणि मॉल चालतो. यातले ३० गाळे अशा लोकांनी घेतले की ज्यांना दुकान चालवायचे नाही, भाव वाढला की विकायचे आहे. त्यांचे शटर खाली. बंद दुकानाचा देखभाल खर्च कोण आवडीने भरतो? ६० हजारांची तूट आली. मग एक सरकता जिना बंद ठेवला, दुपारी वातानुकूलन बंद ठेवले. बायामाणसे, म्हातारी माणसे वरच्या मजल्यावर जाईनाशी झाली. वरच्या दुकानदाराचा गल्ला घटला. तो म्हणू लागला, जिना चालत नाही तर मी पैसे का देऊ? आता ५० गाळे थकले. वीजबिल थकले. विकत घेणारे गिऱ्हाईक अंधाऱ्या व्हरांड्यातून परत फिरते, त्याला ही सारी कहाणी माहीत नसते. त्याला फक्त इतके कळते की या मॉलमध्ये काही राम नाही.

ज्या मॉलचा मालक एकच आहे, तेथे तो आधी ठरवतो की तळमजल्यावर मोठे दुकान कोणते, लहान मुलांचे कपडे कोठे, खाण्याचे कोठे. मोठे दुकान गर्दी खेचते म्हणून त्याला स्वस्तात जागा देतो आणि त्या गर्दीवर लहान दुकानांकडून चांगले भाडे घेतो. अनेक ठिकाणी विक्रीचा हिस्साही भाडे म्हणून घेतो, म्हणजे दुकान चालावे ही गरज त्याचीही असते. सुटे विकलेल्या मॉलमध्ये हे कोण ठरवणार? एका रांगेत सहा मोबाईलवाले, शेजारी इस्टेट एजंट, पलीकडे कुलूप.

ड्रीम्सची आग

ड्रीम्समध्ये कारभाराचा घोळ इतका झाला की राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने २०१८ साली तेथे प्रशासक नेमला. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१९ मध्ये, एचडीआयएल ही कंपनीच दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले. त्या बँकेचे सत्तर टक्क्यांहून अधिक कर्ज याच एका समूहाकडे अडकले होते. त्या बँकेत पैसे असलेले आमचे कितीतरी वाचक बांधव तेव्हा रांगेत उभे होते, त्यांना ही तारीख सांगायला नको.

ऑक्टोबर २०२० मध्ये नागपाड्याच्या सिटी सेंटर मॉलला आग लागली. मोबाईल आणि त्याच्या सुट्या सामानाची ती मोठी बाजारपेठ. शेजारच्या टोलेजंग इमारतीतील सुमारे साडेतीन हजार लोकांना रात्री घराबाहेर काढावे लागले आणि आग पुरती विझायला दोन दिवसांहून अधिक लागले. आमच्या समाजातील अनेक तरुणांचे भांडवल त्यात जळाले. त्यानंतर मुंबईतील मॉलची तपासणी झाली आणि आगीपासून बचावाची यंत्रणा धड नसलेल्यांना नोटिसा गेल्या. ड्रीम्सचाही त्यांत समावेश होता.

नोटीस आली, पण तिचे पालन कोण करणार? बांधणारी कंपनी दिवाळखोरीत. प्रशासकाच्या हाती पैसा तोच, जो गाळेधारक भरतील. आणि गाळेधारक तर आधीच थकलेले. दरम्यान कोविडच्या आणीबाणीत, २०२० साली, याच मॉलच्या वरच्या मजल्यावर सनराइज नावाचे रुग्णालय सुरू झाले होते. २५ मार्च २०२१ च्या रात्री खालच्या मजल्यावर आग लागली आणि धूर वर रुग्णालयात शिरला. सत्तरहून अधिक रुग्ण आत होते. त्यांपैकी किमान नऊजण दगावले. तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी घटनास्थळी येऊन मृतांच्या नातेवाइकांची क्षमा मागितली आणि मदत जाहीर केली.

या मृत्यूंपुढे दुकानांचे नुकसान ही लहान गोष्ट आहे, हे आम्हाला मान्य आहे. पण हे व्यापाराचे पान आहे, तेव्हा दुकानदाराचे काय झाले तेही सांगितले पाहिजे. मॉल बंद पडला. मार्च २०२२ मध्ये, बंद असतानाच, तेथे पुन्हा आग लागली. तळघरात पाणी साचून राहिले. ज्यांनी गाळे घेतले होते त्यांची खरेदीखते शाबूत होती, नोंदणीकृत होती, त्यांवर त्यांचीच नावे होती. पण शटर उघडायला आत जाण्याची वाट राहिली नव्हती. गहाण ठेवायला गेले तर बँक उभी करीना, विकायला गेले तर गिऱ्हाईक मिळेना. "दुकान आपल्या नावावर व्हते ना" या प्रश्नाचे हे उत्तर आहे.

मग असा मॉल पाडून नवा का बांधू नये? येथेच खरी मेख आहे. घर पडायला आले तर राहणाऱ्यांची एक गरज असते, डोक्यावर छप्पर. हजार गाळेधारकांच्या गरजा मात्र हजार. कोणाला पैसे हवेत, कोणाला तळमजलाच हवा, कोणी परदेशात, कोणाचा गाळा बँकेकडे गहाण, कोणी वारला आणि वारसांत दावा चालू. नवा बिल्डर येतो, कागद पाहतो आणि निघून जातो.

हाजी अलीचा आणि भेंडी बाजाराचा दाखला

आता क्रॉसरोड्सकडे वळू. हा मॉल एका मालकाचा होता. गर्दी ओसरली, पुढे किशोर बियाणी यांच्या फ्युचर समूहाने तो घेतला आणि त्याचे 'सोबो सेंट्रल' झाले. तेही नीट चालले नाही. फ्युचर समूहच कर्जात बुडाला. २०२४ साली कॅनरा बँकेच्या थकीत कर्जाच्या तडजोडीत ही मालमत्ता के. रहेजा कॉर्पने ४७६ कोटी रुपयांना घेतली. म्हणजे एक मालक असला की मॉल बुडत नाही, असे मुळीच नाही. मुंबईचा पहिला मॉलही बुडाला. पण बुडाला तो मालक आणि त्याला कर्ज देणारी बँक. जो दुकानदार तेथे भाड्याने होता त्याची अनामत, फर्निचर आणि काही महिन्यांचा धंदा गेला. हे नुकसान लहान नाही, पण त्याने शेत विकलेले नव्हते. इमारत एकाच सहीने दुसऱ्याकडे गेली, म्हणून तिचे पुढे काही होऊ शकते. ड्रीम्सला ती एक सही कोठून आणणार?

दुसरा दाखला भेंडी बाजाराचा. तो मॉल नाही, शंभर-सव्वाशे वर्षांच्या चाळी आणि त्यांच्या तळाशी पगडीची दुकाने असा तो बाजार. दाऊदी बोहरा समाजाचे तत्कालीन प्रमुख सय्यदना मोहम्मद बुऱ्हानुद्दीन यांच्या पुढाकाराने २००९ साली सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्ट स्थापन झाला. साडेसोळा एकर जागा, सुमारे २५० इमारती, सुमारे ३,२०० कुटुंबे आणि १,२५० दुकाने, एवढा हा पसारा. ट्रस्टने इमारतींचे जुने मालक आणि भाडेकरू यांच्याशी एकेक करून बोलणी केली, कुटुंबांची व दुकानांची तात्पुरती सोय दुसरीकडे केली आणि मग इमारती पाडल्या. पहिले दोन टॉवर २०२० साली तयार झाले. म्हणजे पहिल्या टप्प्यालाच अकरा वर्षे लागली. मध्यंतरी, ३१ ऑगस्ट २०१७ रोजी, याच परिसरातील हुसैनी इमारत कोसळून ३३ जणांचा बळी गेला. जमात एक, तिचा शब्द मानणारे लोक, पाठीशी पैसा, आणि तरीही एवढा काळ. ज्या मॉलमध्ये गाळेधारक एकमेकांना ओळखतही नाहीत, त्याची काय कथा!

आणि अकरा वर्षे म्हणजे दुकानदाराच्या हिशेबात किती? दुकान हलले की उधारीची वही हलते, वसुली बुडते, रोजचे गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे लागते. नवे दुकान चकचकीत मिळाले तरी गिऱ्हाईक परत आणायला पुन्हा काही वर्षे. पुनर्विकासाच्या करारात जागेचे चौरस फूट लिहिलेले असतात. गिऱ्हाइकाची भरपाई त्यात कोणी लिहीत नाही.

बाळापूरच्या व्यापाऱ्याने काय पाहावे

बाळापूर हे काही आडगाव नव्हे. मन आणि म्हैस या नद्यांमधला किल्ला एलिचपूरच्या इस्माईल खानांनी १७५७ साली पुरा केला. मिर्झा राजे जयसिंगांची छत्री नदीकाठी आजही उभी आहे. मुंबई-कलकत्ता महामार्ग गावाला लागून जातो. अशा गावाच्या व्यापाऱ्याला मोठ्या बाजाराची हौस असणारच आणि असावी. मॉलमध्ये जाऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. जायचे तर डोळे उघडे ठेवून जावे.

पहिली गोष्ट आम्ही मुद्दाम आमच्याच लोकांसाठी सांगतो. आपल्यातील बरेच व्यापारी व्याज नको म्हणून बँकेचे कर्ज घेत नाहीत, रोख पैसे भरतात. हा ज्याच्या त्याच्या इमानाचा प्रश्न आहे आणि आम्ही त्याचा आदर करतो. पण यात एक धोका दडलेला आहे. जो कर्ज घेतो त्याचा गाळा बँकेचा वकील तपासतो. जमीन कोणाची, सात-बारावर कोणाचे नाव, अकृषक परवाना आहे का, जमीन आधीच कोठे गहाण आहे का, याचा शोध अहवाल बँक मागवते, कारण तिचा पैसा अडकतो. रोखीने घेणाऱ्यासाठी हे कोणीच करीत नाही. तेव्हा ज्याने व्याज वाचवले त्याने त्यातले थोडे पैसे स्वतःच्या वकिलावर खर्च करावेत. बिल्डरने सुचवलेल्या वकिलावर नव्हे.

दुसरे, महारेरा. १ मे २०१७ पासून ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरच्या किंवा आठपेक्षा जास्त गाळ्यांच्या प्रकल्पाला नोंदणी सक्तीची आहे. हा कायदा फक्त घरांना नाही, दुकानांनाही लागू आहे. नोंदणी क्रमांक नसेल तर जाहिरातही करता येत नाही. किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय मागता येत नाही आणि गाळेधारकांकडून आलेल्या पैशातला ७० टक्के हिस्सा वेगळ्या खात्यात ठेवून त्याच प्रकल्पावर खर्च करावा लागतो. आमच्या बांधवाने आणलेल्या माहितीपत्रकावर हा क्रमांक आम्ही भिंग घेऊन शोधला. सापडला नाही.

क्षेत्रफळ चटई क्षेत्रात लिहून घ्यावे. 'सुपर बिल्ट-अप' ३०० चौरस फूट म्हणून पैसे घ्यायचे आणि शटरच्या आत २०० फूट द्यायचे, हा खेळ जुना आहे. उरलेले शंभर फूट म्हणजे तो व्हरांडा आणि जिना. त्यांचे पैसे आधी देऊन पुन्हा दरमहा त्यांचा देखभाल खर्चही आपणच देणार.

पण आमच्या मते सर्वात महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे आणि तो कोणी विचारत नाही. किती गाळे विकणार आणि किती स्वतःकडे ठेवून भाड्याने देणार? जो बिल्डर तळमजला स्वतःकडे ठेवतो, त्याला मॉल चालवायची गरज आहे. जो सारे विकून जातो, त्याला नाही. देखभाल कोण करणार, थकबाकीदारावर कारवाई कोण करणार, संस्था केव्हा स्थापन होणार आणि जमीन संस्थेच्या नावावर केव्हा होणार, हे करारनाम्यात असलेच पाहिजे. तोंडी आश्वासन चालणार नाही.

आगीबद्दलही विचारावे. महाराष्ट्रात २००६ च्या कायद्यानुसार अशा इमारतींची अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत आहे, असा दाखला परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावा लागतो. चालू मॉलमध्ये गाळा घेत असाल तर मागच्या दोन दाखल्यांच्या प्रती मागा. विम्याबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत, त्यात आम्ही पडत नाही. विमा नसेल तर निदान सगळा माल एकाच छपराखाली ठेवू नये, एवढे तर कोणीही सांगेल. गोदाम विकून गाळा घेणे म्हणजे नेमके याच्या उलट करणे होय.

नगरपरिषदेच्या व्यापारी संकुलातला गाळा ही आणखी वेगळी बाब. तेथे लिलावात मोठी अनामत भरून मिळतो तो भाडेपट्टा, मालकी नव्हे. मुदत किती आणि मुदतीनंतर भाडे कोण ठरवणार, हे वाचल्याशिवाय बोली बोलू नये. मात्र तेथे धनी कोण हे तरी ठाऊक असते.

माहितीपत्रक घेऊन आलेल्या आमच्या बांधवाला आम्ही सल्ला न देता एक काम सांगितले. अकोल्यातल्या दहा-पंधरा वर्षे जुन्या एखाद्या संकुलात साध्या दिवशी, मंगळवारी म्हणा, दुपारी तीन वाजता जा. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावर किती शटर उघडी आणि किती बंद ते मोजा. उघड्या दुकानांपैकी मालक स्वतः किती ठिकाणी बसला आहे ते विचारा. जिना चालतो का ते पाहा.

ते जाऊन आले. दुसऱ्या मजल्यावर त्यांनी २६ शटर मोजली, त्यांतली ९ उघडी. एका दुकानात शिलाईचे काम करणारा कारागीर बसला होता. गाळा कोणाचा, असे विचारले तर म्हणाला, मालक पुण्यात असतो, भाडे मागायला येत नाही, कोणीतरी उघडे ठेवले तर उंदीर होत नाहीत म्हणून मला बसवले आहे.

इसाराची रक्कम अजून त्यांच्याच कपाटात आहे. मुलगा नाराज आहे. बापलेकांत सध्या बाळापूरच्या दुकानाला काचेचे दार लावायचे की नाही आणि गादी काढून काउंटर करायचा की नाही, यावर चर्चा चालू आहे. गादीचा एक कोपरा तरी ठेवावा, म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना बसायला, असे वडिलांचे म्हणणे.